नागपाड्याची शिकवण आणि उपनगरांची मैदाने

संध्याकाळी सहाच्या सुमारास घाटकोपर किंवा अंधेरी स्थानकाच्या पुलावर जो घटकाभर उभा राहील, त्याला शाळकरी मुलांचे थवेच्या थवे घाईघाईने जाताना दिसतील. त्यांच्या पाठीवर दप्तरे असतात, हातांत शिकवणी वर्गाने दिलेल्या छापील वह्या असतात आणि चेहऱ्यावर दिवसभराचा शीण असतो. यांपैकी एखाद्याच्या काखेत चेंडू दिसला तर ते नवलच म्हणावे लागेल. नेमक्या याच वेळी या मुलांच्या शाळांची पटांगणे कुलूपबंद फाटकांच्या आत रिकामी पडलेली असतात. मुले आहेत, मैदानेही अगदीच नाहीत असे नाही. परंतु ज्या वेळी मुले मोकळी असावीत त्या वेळी ती वर्गात कोंडलेली आणि ज्या वेळी मैदान गजबजलेले असावे त्या वेळी ते बंद, अशी ही विचित्र व्यवस्था आहे. तिची आता कोणाला खंतही वाटेनाशी झाली आहे.

ही व्यवस्था अटळ नाही, हे समजून घ्यायचे असेल तर उपनगरांतून दक्षिणेकडे, भायखळा आणि मुंबई सेंट्रल या दोन स्थानकांच्या मधल्या नागपाड्याकडे पाहावे लागेल. ही वस्ती मुंबईतील अतिशय दाटीच्या वस्त्यांपैकी एक. श्रीमंती नाही, ऐसपैस मैदाने नाहीत, शेजारीच कामाठीपुऱ्यासारखा बदनाम भाग. सभ्य गृहस्थाने मुलांना घेऊन जावे असा हा परिसर नव्हे, अशीच उपनगरी मध्यमवर्गाची समजूत. तरीही बास्केटबॉल या खेळात मुंबईचे नाव ज्या वस्तीने देशभर नेले ती वस्ती हीच. भारतीय बास्केटबॉल संघाचे नेतृत्व करणारे आणि १९७० साली अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरलेले गुलाम अब्बास मुंतसिर याच नागपाड्यात वाढले. त्यांच्या कारकिर्दीकडे एका गुणी खेळाडूचे चरित्र एवढ्याच दृष्टीने पाहिले तर तिचा अर्थ अर्धाच कळेल. एक दरिद्री वस्ती देशाच्या संघाला कर्णधार कसा देते आणि तिच्याहून कितीतरी पट संपन्न असलेल्या उपनगरांना ते का जमू नये, हा खरा विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

अपुऱ्या जागेसाठी जन्मलेला खेळ

बास्केटबॉल हा खेळ मुळात अडचणीतूनच जन्माला आला. १८९१ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे तरुण शिक्षक एका पेचात सापडले होते. बाहेर कडाक्याची थंडी, मैदानी खेळ बंद, आणि व्यायामशाळेच्या चार भिंतींत तीच ती कवायत करून कंटाळलेले विद्यार्थी. या उनाड वर्गाला रमवील असा खेळ शोधून काढण्याचे काम त्यांच्यावर आले. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही बाजूंस पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि मुलांच्या हाती चेंडू दिला. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर बसली. आज सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, टोपलीची जागा लोखंडी कड्याने आणि जाळीने घेतली, परंतु ती उंची काही बदललेली नाही.

या जन्मकथेतील मुद्दा मुंबईकराच्या तर विशेष कामाचा आहे. क्रिकेटला विस्तीर्ण मैदान लागते. आंतरराष्ट्रीय मापाचे फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. याउलट बास्केटबॉलचे क्रीडांगण २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे अवघे ४२० चौरस मीटरचे. एका फुटबॉल मैदानाच्या जागेत अशी सतरा क्रीडांगणे मावतील. टोकिओ ऑलिंपिकपासून मान्यता मिळालेल्या, प्रत्येकी तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलला तर एकच कडे पुरते आणि त्याचे क्रीडांगण १५ मीटर लांब, ११ मीटर रुंद असले की झाले. शिवाय हा खेळ फरशीवर, सिमेंटवर, डांबरावर कोठेही खेळता येतो. हिरवळीची निगा राखावी लागत नाही. चेंडू एक आणि खेळणारे दहा, त्यामुळे दरडोई खर्चही बेताचाच. जागेची चणचण ही ज्या शहराची कायमची तक्रार आहे, त्या शहराने खरे पाहता हा खेळ केव्हाच आपलासा करायला हवा होता. नागपाड्याने तो केला. उर्वरित मुंबईने क्रिकेटचे स्वप्न पाहत दोन इमारतींच्या मधल्या बोळात प्लॅस्टिकच्या चेंडूवर समाधान मानले.

शेजारधर्मातून उभे राहिलेले अंगण

नागपाड्यात हा खेळ आपोआप रुजला नाही. त्यामागे काही माणसांचा दीर्घ उद्योग होता. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ड्ट विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत आले आणि त्यांनी या वस्तीत नागपाडा नेबरहुड हाउस नावाची संस्था उभी केली. वस्तीतल्या माणसांनी जात आणि धर्म न विचारता एकत्र यावे, मुलांनी शिकावे, खेळावे, बायकांना आरोग्याचे ज्ञान मिळावे, असा तिचा हेतू होता. या कामातूनच प्रशिक्षित समाजसेवकांची गरज मॅन्शर्ड्ट यांना जाणवली आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले संचालक मॅन्शर्ड्ट हेच होते. या विद्यालयाची पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि १९५४ मध्ये ती देवनारला आली. उपनगरवासीयांना या संस्थेचा योग्य असा अभिमान वाटतो. परंतु तिचे मूळ नागपाड्यातील एका अंगणात आहे आणि त्या अंगणात मुलांच्या खेळाला औषधोपचाराइतकेच महत्त्व दिले गेले होते, याची आठवण फार थोड्यांना असेल.

अशा संस्था, वायएमसीएसारखी मंडळे आणि पालिकेची छोटी मैदाने यांच्या आश्रयाने नागपाड्यातील मुलांना बास्केटबॉलची गोडी लागली. मस्तान वायएमसीएचे क्रीडांगण किंवा बच्चूखान मैदान ही नावे मुंबईच्या बास्केटबॉलशी कायमची जोडली गेली आहेत. अब्बास मुंतसिर यांचा जन्म १९४२ चा. त्यांच्या वाट्याला आलेले बालपण सुखवस्तू नव्हते. परंतु घराबाहेर पडताच चार पावलांवर एक कडे होते, तेथे संध्याकाळी थोरांचा खेळ रंगलेला असे, आणि कडेला उभे राहून तो पाहणाऱ्या पोराला केव्हा तरी आत बोलावले जाई. खेळाडूच्या घडणीत या तीन गोष्टींचे मोल प्रशस्त प्रेक्षागृहापेक्षा अधिक असते. जागा जवळ असावी, ती रोज उघडी असावी आणि तेथे आपल्यापेक्षा सरस खेळणारे कोणी तरी असावे. नागपाड्यात या तिन्ही गोष्टी होत्या आणि पैसा मात्र नव्हता. पैसा हाताशी असूनही या तीन गोष्टी ज्यांना साधल्या नाहीत, अशा वस्त्यांची यादी करायची झाली तर ती बरीच लांबेल.

साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांत मुंतसिर भारतीय संघातून खेळले आणि त्यांनी संघाचे नेतृत्व केले. तो काळ भारतीय बास्केटबॉलच्या दृष्टीने हुरूप देणारा होता. १९७५ मध्ये बँकॉक येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताने चौथा क्रमांक मिळवला. पुढे होते ते चीन, जपान आणि दक्षिण कोरिया. त्यानंतर पुरुषांच्या संघाला एवढी मजल पुन्हा मारता आलेली नाही. १९८० मध्ये मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ खेळला खरा, पण अनेक राष्ट्रांच्या बहिष्कारामुळे ती संधी चालून आली होती. तेथे एकही सामना जिंकता आला नाही आणि बारा संघांत बारावा क्रमांक आला. तेव्हापासून ऑलिंपिकच्या बास्केटबॉलमध्ये भारताचा संघ दिसलेला नाही. मुंतसिर यांच्या पिढीचे यश किती मोलाचे होते हे या नंतरच्या इतिहासावरून ध्यानात येते.

त्यांची विशेष गोष्ट अशी की, कीर्ती मिळाल्यावर ते वस्तीपासून तुटले नाहीत. हिंदी चित्रपटांतही त्यांनी कामे केली. परंतु त्यांची ओळख राहिली ती नागपाड्याचा बास्केटबॉलपटू हीच. उतारवयातही मैदानावर येऊन पोरांना शिकवणारा, चुकले तर खडसावणारा वडीलधारा माणूस म्हणून ते तेथे ओळखले गेले. या एका वस्तीतून राज्याच्या आणि देशाच्या संघांत पुढे जे अनेक खेळाडू गेले, ते या परंपरेचे फळ होय. पुरस्काराचे मानपत्र भिंतीवर टांगलेले राहते. शिकवलेली मुले मात्र पुढच्या मुलांना शिकवतात. खेळाडूचा वारसा मोजायचा तर असाच मोजला पाहिजे.

खेळ आणि पोटापाण्याचा प्रश्न

येथे मध्यमवर्गीय पालकाच्या मनात एक शंका येईल आणि ती रास्त आहे. खेळून पोट भरते काय? अमेरिकेत बास्केटबॉलपटूचा पेशा हा अमाप संपत्तीचा मार्ग आहे. भारतात तो कधीच तसा नव्हता. आपल्याकडे व्यावसायिक खेळाडू याचा खरा अर्थ वर्षानुवर्षे ‘नोकरीतला खेळाडू’ असाच राहिला. रेल्वे, बँका, पोलीस दल, सेनादले, सार्वजनिक उद्योग यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, सरावासाठी सवलत दिली आणि त्या बदल्यात आपल्या संघातून खेळवून घेतले. या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरी महिनाअखेरची भ्रांत आहे अशा मुलाला तिने निर्धास्तपणे खेळू दिले, आणि खेळ संपल्यावर निवृत्तिवेतनाची सोय केली, हे उपकार विसरता येणार नाहीत. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाने वर्षानुवर्षे जे वर्चस्व गाजवले, त्याचे रहस्य या नोकऱ्यांतच आहे.

उदारीकरणानंतर या व्यवस्थेला ओहोटी लागली. बँकांतील आणि सार्वजनिक उद्योगांतील भरतीच आटली, तेव्हा खेळाडूंची भरती टिकणार कशी? तिची जागा व्यावसायिक लीग घेतील असे सांगितले गेले. कबड्डीच्या बाबतीत ते काही अंशी खरे ठरले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि पाच वर्षांच्या आत, २०१९ च्या लिलावात, कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपयांची बोली लागली. बास्केटबॉलच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. २०१५ मध्ये एक खासगी लीग निघाली, तिच्यात मुंबई आणि पुण्याच्या नावांचे संघही होते. २०१७ नंतर ती बंद पडली. २०२२ मध्ये महासंघाच्या पुढाकाराने राष्ट्रीय लीगचा नवा प्रयत्न सुरू झाला. पंजाबातील बल्लो के या खेड्यातील सतनाम सिंग याची २०१५ मध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगमधील डॅलसच्या संघाने निवड केली, तेव्हा देशभर कौतुक झाले. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. परंतु त्या लीगच्या मुख्य स्पर्धेत त्याला एकही सामना मिळाला नाही आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन संघ वरळीला येऊन खेळून गेले. पहिल्या सामन्याला शाळकरी मुलांनी प्रेक्षागृह दणाणून सोडले. ती मुले दुसऱ्या दिवशी आपापल्या शाळांत परतली तेव्हा त्यांना संध्याकाळी खेळायला कडे कोठे होते, याची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

कबड्डी आणि बास्केटबॉल यांच्या नशिबातील हा फरक केवळ दूरचित्रवाणीच्या पैशाने पडलेला नाही. कबड्डीला गिरणगावापासून उपनगरांच्या चाळींपर्यंत पसरलेल्या मंडळांचा आधार होता. लीग आली तेव्हा खेळाडू तयार होते, प्रेक्षकही तयार होते. वरून आलेल्या पैशाला खाली मुळे सापडली. बास्केटबॉलची मुळे मुंबईत नागपाड्यात आणि थोड्या शाळा-महाविद्यालयांतच होती. मूळ धरण्याआधीच झाडाला फळे लागावीत, अशी अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली.

राज्य शासनाने खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण ठेवले आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. या सवलती चांगल्याच आहेत. पण त्यांचा एक विपरीत परिणामही दिसतो. खेळापेक्षा प्रमाणपत्राला महत्त्व येते, आणि जो खेळ कमी मुले खेळतात त्यात प्रमाणपत्र लवकर मिळेल असा हिशेब घरोघरी मांडला जातो. मुलाने खेळावे ते गुणांसाठी, आणि गुण मिळाले की खेळ सोडावा, ही आपल्या शिक्षणव्यवस्थेने दिलेली शिकवण आहे. शेकडो खेळणाऱ्यांमधून एखादाच कर्णधार होतो. बाकीचे शिक्षक होतील, लिपिक होतील, दुकानदार होतील. त्यांच्यासाठी खेळाचा उपयोग गुणपत्रिकेपुरता नसतो. हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येण्याची सवय, परधर्माच्या मुलाकडे चेंडू टाकण्याचा विश्वास आणि निरोगी शरीर, एवढे मिळाले तरी खेळण्याचे सार्थक झाले असे समजावे. दाटीच्या, संमिश्र वस्तीत या गोष्टींची किंमत किती आहे हे नागपाड्याला सांगावे लागत नाही.

उपनगरांत काय कमी आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची सुमारे ९४ लाख होती. म्हणजे प्रत्येक चार मुंबईकरांपैकी तिघे उपनगरांत राहतात. अंधेरीला शहाजीराजे भोसले यांच्या नावाचे क्रीडासंकुल आहे, मुलुंडला प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुल आहे, विलेपार्ल्यात प्रबोधनकार ठाकरे यांच्या नावाचे संकुल आहे, कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. बोरिवलीपासून विद्याविहारपर्यंत अनेक शाळा-महाविद्यालयांच्या आवारांत बास्केटबॉलची आखीव क्रीडांगणेही आहेत. तेव्हा साधने नाहीत अशी ओरड करण्यात अर्थ नाही. पण साधन असणे आणि ते गल्लीतल्या पोराच्या आवाक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या संकुलात जायला सभासदत्व लागते, शुल्क लागते, आणि मुलाला सोडायला-आणायला घरातले कोणी तरी मोकळे असावे लागते. ज्या घरातील दोन्ही माणसे सकाळी ७.४२ ची लोकल पकडून रात्री आठला परततात, त्या घरच्या मुलासाठी दोन मैलांवरचे संकुल असून नसल्यासारखेच. त्याला हवे आहे ते कोपऱ्यावरचे कडे.

कोपऱ्यावरच्या जागांचे काय झाले याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. विकास आराखड्यात मैदान म्हणून राखून ठेवलेले भूखंड वर्षानुवर्षे ताब्यात घेतले जात नाहीत. तोवर तेथे झोपड्या, गोदामे किंवा गाड्यांचे तळ उभे राहतात. मैदाने सांभाळण्यासाठी ती खासगी संस्थांकडे सोपवण्याचे धोरण आले, आणि काही ठिकाणी सांभाळणाराच मालक होऊन बसला. २०१६ मध्ये या धोरणाला लोकांचा विरोध इतका वाढला की मुख्यमंत्र्यांना ते स्थगित करावे लागले; २०२३ मध्ये नव्या मसुद्यालाही नागरिकांनी हरकत घेतली. पुनर्विकासात जुन्या दोन-तीन मजली सोसायट्यांच्या जागी उंच मनोरे आले, तेव्हा मोकळी जागा जमिनीवरून उचलून वाहनतळाच्या गच्चीवर नेण्याचा प्रघात पडला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, क्रीडेसाठी राखायची जागा जमिनीवरच असली पाहिजे. जी गोष्ट कोणाही शाळामास्तराने सांगितली असती ती सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला वेळ खर्चावा लागला, यावरून या प्रश्नाची स्थिती स्पष्ट होते.

तथापि सगळा दोष पालिकेच्या आणि बांधकाम व्यावसायिकांच्या माथी मारून मोकळे होणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. सोसायटीच्या आवारात चेंडू आपटल्याचा आवाज दुपारच्या झोपेत व्यत्यय आणतो म्हणून ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लावणारे सभासद हे उपनगरांतील सुशिक्षित नागरिकच असतात. मुलाच्या गुडघ्याला खरचटले तर शाळेला जाब विचारणारे पालकही तेच. मग मुख्याध्यापकांनी शाळा सुटताच फाटकाला कुलूप घातले, तर त्यांना दोष कसा द्यावा? जबाबदारी त्यांची, पहारेकऱ्याचा पगार त्यांनी द्यायचा, दिव्यांचे बिल त्यांनी भरायचे, आणि मैदान मात्र साऱ्या गावाचे, हा न्याय नव्हे. खेळाच्या तासाला गणिताचा राहिलेला धडा उरकणाऱ्या शिक्षकाचाही फारसा अपराध नाही; त्याचे मूल्यमापन निकालाच्या टक्केवारीवर होते, मुलांच्या दमसासावर नाही.

करता येण्याजोगे

उपाय फार खर्चाचे नाहीत. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांची पटांगणे संध्याकाळी पाच ते आठ या वेळात वस्तीतील मुलांसाठी उघडी ठेवावीत. त्यासाठी लागणारा पहारेकरी, दिवे आणि विमा यांचा खर्च शाळेने नव्हे, पालिकेने सोसावा. जेथे पूर्ण क्रीडांगणाला जागा नाही तेथे एक कडे आणि पंधरा मीटरांची फरशी पुरे. प्रत्येक प्रभागात निदान एक प्रशिक्षक नियमित वेतनावर नेमावा, आणि ती जागा निवृत्त खेळाडूला द्यावी. नोकरी संपलेले, शिकवण्याची हौस असलेले जुने खेळाडू उपनगरांत राहतात; त्यांना सत्काराच्या शालीपेक्षा शिकवायला एक मैदान मिळाले तर अधिक आनंद होईल.

यात मुलींचा विचार प्रथम व्हावा. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. मराठी घरांतील मुली या खेळात कोठवर जाऊ शकतात याचे ते उदाहरण आहे. परंतु अंधारे मैदान, अस्वच्छ किंवा मुळातच नसलेले स्वच्छतागृह आणि कडेला टोळके करून उभे राहिलेले टगे, एवढ्या तीन कारणांनी उपनगरांतील किती तरी मुलींचा खेळ तेराव्या-चौदाव्या वर्षी थांबतो. दिवे, स्वच्छतागृह आणि एक जबाबदार प्रशिक्षिका यांची सोय झाली, तर पालकांची निम्मी भीती जाईल.

लोकांच्या पुढाकारावाचून मात्र यातले काहीही टिकणार नाही. उपनगरांना हा पुढाकार नवा नाही. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे. गोरेगावात १९७२ साली स्थापन झालेल्या प्रबोधनने खेळांना लोकांच्या बळावर स्थान मिळवून दिले. ग्रंथालये, व्याख्यानमाला, गणेशोत्सव आणि नाट्यगृहे ज्यांनी उभी केली, त्या शिक्षक-लिपिकांच्या मागील पिढीने आपली संध्याकाळ सार्वजनिक कामाला दिली होती. तिच्या वारसांनी आठवड्यातून एक संध्याकाळ कोपऱ्यावरच्या मैदानावर देखरेखीला दिली, तरी पालिकेला कुलूप काढावे लागेल. मंडपासाठी मैदान मागायला जेवढे शिष्टमंडळ जाते, तेवढे मुलांसाठी मैदान मागायला गेल्याचे सहसा दिसत नाही.

दाट वस्ती, गरिबी आणि अपुरी जागा ही अडचणींची कारणे म्हणून नेहमी पुढे केली जातात. अब्बास मुंतसिर ज्या वस्तीत वाढले तेथे ही तिन्ही कारणे उपनगरांहून अधिक होती. तेथे एक अंगण उघडे होते, ते रोज उघडे होते, आणि शिकवायला वडीलधारे होते, इतकाच काय तो फरक. मुंतसिर यांचे ऋण मानायचे असेल तर उपनगरांतील एखाद्या चौकाला त्यांचे नाव देण्याची गरज नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील प्रत्येकी एका शाळेने पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता आपले फाटक उघडावे आणि ते मंगळवारी पुन्हा उघडावे. सोमवारचे काम उद्‌घाटन समारंभाने भागते. कसोटी लागते ती मंगळवारी.